नारळ फोडायच्या आधी

बाबालाल घरात आला की माणसांकडे नंतर बघायचा, आधी बंबाकडे बघायचा. पाणी तापवायच्या बंबाशेजारी आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी एक कोपरा असतो. शेंगांची टरफलं, करवंट्या, जुनी वर्तमानपत्रं, आणलेल्या वस्तूंची रिकामी खोकी, असं जळण्याजोगं सगळं तिथं पडलेलं असतं. बाबालाल थेट तिथं जाऊन उकिडवा बसायचा आणि ढिगात हात घालायचा. चपलेच्या खोक्यातून नाहीतर मिक्सरच्या पुठ्ठ्यातून एखादी पावती काढायचा, मांडीवर ठेवून हातानं सरळ करायचा आणि घरातल्या बाईच्या हातात द्यायचा. "ही डब्यात ठेवायची. बंबात न्हाय," म्हणायचा. मग पाणी मागायचा. सासू येणार म्हटल्यावर जसं स्वयंपाकघर आवरतात, तशा गल्लीतल्या निम्म्या बायका त्याला येताना बघून बंबाचा कोपरा आवरायच्या.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. हातकणंगल्याला मुलीकडे गेला होता, तिथंच वारला. आता लोक त्याच्याविषयी फार चांगलं बोलतात. तो होता तेव्हा इतकं चांगलं कुणी बोलत नव्हतं. मीही नाही. म्हणून जसा होता तसा सांगते.

शिलाई मशिनी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कळंब्याच्या रस्त्याला आमची गल्ली लागते, तिच्या तोंडाशीच त्याच्या दोन खोल्या. दुकान असं नव्हतं. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवायची आणि गावभर फिरायचं. पायजम्याचा उजवा पाय चेनमध्ये अडकू नये म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असायचा, तो घरात बसतानाही काढायचा नाही. बसायचा म्हणजे काय, खुर्चीच्या कडेला टेकायचा. चहा उभ्यानं. बोलता बोलता पंख्याचा आवाज ऐकायचा, उठून बंद करायचा, परत लावायचा. दाराची कडी हलवून बघायचा. त्याच्यासमोर दहा मिनिटं बसलं की आपलंच काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागायचं. चुलीवर काही ठेवलंय का, हे मी दोनदा बघून यायची.

"जेवलासा का" असं आमच्याकडे विचारतात. हा विचारायचा, "पावती हाय न्हवं?" कुणाच्या अंगावर नवीन साडी दिसली, कुणाच्या हातात नवीन पिशवी दिसली की तेच. एका बारशाला पाळणा बघून त्यानं हे विचारलं होतं. बाळाच्या आजीनं त्याला हाकलायचंच बाकी ठेवलं.

गॅसचा सिलिंडर गल्लीत आला की हा कुठूनही उगवायचा. घरातून तराजूचा काटा आणायचा, माझ्या ओसरीच्या लोखंडी कडीला अडकवायचा आणि प्रत्येक सिलिंडर वजन केल्याशिवाय आत जाऊ द्यायचा नाही. सिलिंडर आणणारा माणूस पहिल्यांदा चिडला. म्हणाला, चाचा, मला अजून चाळीस घरं करायची आहेत. बाबालाल म्हणाला, "मग चाळीस घरी काटा लाव. हक्क हाय त्यांचा." पुढं पुढं तो माणूसच गल्लीत शिरताना ओरडायचा, "चाचा, काटा काढा." एकदा एक सिलिंडर खरोखर कमी भरला. तो परत गेला, दुसरा आला. त्या दिवशी बाबालालला जेवायला बोलावलं तर आला नाही. म्हणाला, बाकीच्या गल्ल्यांत कोण बघतंय? आणि सायकलवर बसून गेला. एक झालं की त्याचं समाधान व्हायचं नाही, पुढचं दिसायचं.

स्वतःच्या धंद्यातही तसाच. मशिनीचा पट्टा बदलला तरी पावती द्यायचा. कॅलेंडरचे मागचे कोरे कागद चौकोनी कापून ठेवलेले होते. त्यावर लिहायचा, "पट्टा बदलला. सहा महिन्यांत तुटला तर फुकट." खाली सही, तारीख. लोक हसायचे. एक शिंपीण तीन वर्षांनी तुटलेला पट्टा घेऊन आली आणि म्हणाली, तुमचा कागद हाय माझ्याकडं. त्यानं कागद वाचला, तारीख तिला दाखवली, आणि पट्टा फुकट बदलून दिला. का, विचारलं तर म्हणाला, कागद जपला न्हवं तिनं.

हे सगळं त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचा, राबियाचा, डावा डोळा गेला होता. नवीन कुकर आणला होता, त्याचं झाकण उडालं. झडप खोटी होती. हा कुकर घेऊन दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, पावती कुठाय? माझ्या दुकानातला हे कशावरून? पावती आणि खोकं बाबालालनंच, कुकर आणला त्याच आठवड्यात, बंबात घातलं होतं. त्या पाण्यानं अंघोळ केली होती. हे तो एकदाच बोलला माझ्याजवळ, तेही दुसरीकडे बघत, आणि लगेच उठून नळ घट्ट बंद केला. राबिया नंतर बरीच वर्षं जगली. उरलेल्या एका डोळ्यानं त्याच्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, डोळा माझा गेला, झोप ह्यांची गेली.

आता माझ्या यंत्राचं सांगते.

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवतात. मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा आणि कुटून आणायचं. मिक्सरला किंवा चक्कीला लावली तर चटणी तापते, रंग उतरतो. म्हणून कांडप यंत्र लागतं. लोखंडी मुसळं मोटरीवर वरखाली होतात, बाकी उखळच. मी वीस वर्षं दुसऱ्याच्या कांडपावर उभी राहून चटणी कुटली. नवरा वारला, मुलाचं त्याचं त्याला पुरत नव्हतं. शेवटी पाटल्या मोडल्या आणि स्वतःचं यंत्र घ्यायचं ठरवलं. चटणीचे दिवस दोन-अडीच महिन्यांचे. तेवढ्यात वर्षाचं निघालं तर निघालं.

यंत्र गुढीपाडव्याला घरी आलं. दुकानाचा फिटर बरोबर आला होता, चाळिशीतला भला माणूस. सून वंदना पूजेचं ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात बाबालाल आला. म्हणाला, "आक्का, आधी चालवून बघा. अर्धा तास चालवा. मग पुजा करा."

मी म्हटलं, पूजेशिवाय यंत्र चालवायचं नसतं.

"पुजा झाली की ते तुमचं झालं. आधी त्यांचं असताना चालवून बघायचं."

तो मोटरीजवळ वाकून बघायला लागला, तर मी त्याला बाजूला हो म्हटलं. अंघोळ न करता हात लावू नको म्हटलं. सणाच्या दिवशी दारात माणसं जमलेली, त्यांच्यासमोर म्हटलं. त्यानं चिमटा पायजम्याला नीट लावला आणि नारळ फुटायच्या आधीच निघून गेला.

मी हळदकुंकवाची पाच बोटं मोटरीवर ओढली. नारळ फोडायचा मान आमच्याकडे आलेल्या माणसाला देतात. फिटरला दिला. त्यानं यंत्राच्या लोखंडी पायावर नारळ फोडला. त्याला टॉवेल-टोपी दिली. टोपी घालून, मोटरीवर हात ठेवून तो उभा राहिला आणि वंदनानं मोबाईलवर फोटो काढला. मग बटण दाबलं. रिकामं यंत्र छान चाललं. सगळ्यांनी पेढा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी उखळात मिरच्या भरलेल्या असताना मोटर घुरघुरली, जळका वास आला आणि बंद पडली. चार घरांच्या मिरच्या ओसरीवर होत्या.

दुकानात फोन केला. फिटर आला, मान खाली घालून बघून गेला. मग मालकाचा निरोप आला, मोटरीत नारळाचं पाणी गेलंय. हळदकुंकू गेलंय. त्याची जबाबदारी आमची नाही.

मी बाबालालकडे गेले. जायला जड गेलं, पण गेले. त्यानं मागचं काही काढलं नाही. बॅटरी घेऊन आला आणि यंत्रासमोर उकिडवा बसला. मोटरीवरच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात, नेमके त्यावर माझ्या बोटांचे कुंकवाचे पट्टे होते. मी ओला फडका आणला तर हात धरला माझा. "पुसायचं न्हाय," म्हणाला. बॅटरी तिरकी धरली. कुंकवाखालून ठोकलेला आकडा उठून दिसला. पावतीवर मोटर दोन एचपीची लिहिलेली होती. पत्र्यावर एक होता.

"घोडं मागितलं, शिंगरू दिलं," तो म्हणाला. "मुसळं दोनाची, वढतंय एक. जळंल न्हाय तर काय."

मी म्हटलं, आता उघड आणि नीट कर. त्याला ते येत होतं. मशिनीच्या जळलेल्या मोटरींत नवी तार तो डोळे मिटून भरायचा. दोन दिवसांत त्यानं कुठून तरी दुसरी मोटर बसवून यंत्र सुरू केलं असतं आणि माझे चटणीचे दिवस वाचले असते. तो हो म्हणाला नाही.

"हात लावला की संपलं, आक्का. त्यो म्हणणार, तुमीच बिघडवलंय."

मी भांडले. गल्लीनं ऐकावं असं भांडले. म्हटलं, तुझा कागद मी खाऊ का? माझ्या ओसरीवर मिरच्या पडल्यात आणि तुला पत्र्यावरचा आकडा पडलाय. तो ऐकत उभा होता. उजव्या हाताची बोटं सारखी फिरत होती, स्क्रू काढताना फिरतात तशी. उघडायची त्याला माझ्यापेक्षा घाई होती. पण त्यानं हात लावला नाही. लोक मिरच्या उचलून दुसऱ्या कांडपावर गेले.

त्यानं दुकानदाराला पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे तो ओसरीवर येरझारा घालत सांगत होता आणि वंदना लिहीत होती. पावतीवर काय आहे, दिलं काय, बदलून द्या, इतक्या दिवसांत द्या. पोचपावतीसह टपालानं पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, आम्ही दिलेली मोटर दोन एचपीचीच होती. ही मोटर आमची नाही. तुम्ही बदललेली आहे.

उत्तर वाचून बाबालाल पहिल्यांदा खुर्चीत नीट पाठ टेकून बसला. मग वंदनाला म्हणाला, पाडव्याचा फोटो दाखव. तिनं तो मोठा करून दाखवला. टोपी घातलेला फिटर, मोटरीवर त्याचा हात, पत्र्यावर माझी पाच बोटं, आणि त्या पट्ट्यांच्या खालच्या मोकळ्या जागेत मोटरीचा नंबर, स्वच्छ. बॅटरी लावून यंत्रावरचा नंबर बघितला. तोच. कुंकवाचे पट्टेही तेच, एक लांब, चार आखूड.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. गिऱ्हाईकं बरीच होती. मालकानं आम्हाला बसा म्हटलं. बाबालाल बसला नाही. त्यानं विचारलं, "नारळ कुणी फोडला, मालक?" मालक म्हणाला, मला काय माहीत. बाबालालनं मोबाईल पुढे केला. फिटर तिथंच उभा होता, तो गोदामात निघून गेला.

मग बाबालाल म्हणाला, "आधी म्हणालासा, आमच्या मोटरीत नारळाचं पाणी गेलं. आता लिवलंय, मोटर आमची न्हवं. मग पाणी गेलं ते कुणाच्या मोटरीत?"

मिक्सर घ्यायला आलेल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि हातातला मिक्सर खाली ठेवला. मालकानं आम्हाला आत नेलं, सरबत मागवलं. म्हणाला, यंत्र पाठवून द्या, दुरुस्त करून देतो, पुढं काही वाढवू नका. मी हो म्हणणार होते. बाबालाल म्हणाला, "दुरुस्त न्हाय. बदलून. आणि कागदावर लिवून." मालक कागदावर लिहून द्यायला तयार झाला नाही. सरबत तसंच राहिलं.

तक्रार ग्राहक आयोगात गेली. वकील केला नाही. अर्ज साध्या मराठीत होता, तक्रार माझ्या नावावर, त्यामुळे बोलायचंही मीच. काय बोलायचं ते बाबालालनं माझ्याकडून जाताना सायकल हातात धरून चालत चालत पाठ करून घेतलं. मला फार बोलावं लागलं नाही. फोटो, पावती, दोन पत्रं समोर ठेवली, तेव्हा मालकानं सगळ्यांसमोर यंत्र बदलून द्यायचं कबूल केलं, झाल्या नुकसानीचंही काही द्यायचं कबूल केलं. नवीन यंत्र दिवाळीनंतर आलं. ते आधी अर्धा तास मिरच्या घालून चालवलं, मग पुजलं. नारळ बाबालालच्या हातानं फोडला.

पण ते वर्ष गेलं ते गेलं. जिंकलो म्हणून त्यानं गल्लीत पेढे वाटले तेव्हा मी एकच उचलला.

पुढच्या उन्हाळ्यात यंत्र दिवसभर चालायचं. लोकांच्या मिरच्या कुटून द्यायचीच, शिवाय मी तयार चटणी करून किलोवर विकायला लागले. पावती कुणाला दिली नाही. चटणीला कसली पावती, असं मला वाटायचं. बाबालाल दोनदा म्हणाला, पुस्तक छापून घ्या. मी हसण्यावारी नेलं.

पावसाळ्यात हातकणंगल्याची एक बाई आली. तिनं एक किलो चटणी नेली होती, बरणी घेऊन आली. वर पांढरी बुरशी. मी झाकण उघडून बघितलं आणि म्हटलं, ओला चमचा घातला असशील. ती म्हणाली, न्हाय हो मावशी, मी खाल्लीच न्हाय अजून, लेकीसाठी ठेवलीती. मी म्हटलं, मग झाकण सैल राहिलं असेल, माझ्या चटणीला असं होत नाही. ती बरणी घेऊन परत गेली. गल्लीच्या तोंडाशी तिला बाबालाल भेटला. भेटणारच.

संध्याकाळी तो तीच बरणी घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"पावती दिलीसा तिला?"

"नाही."

"बरं केलंसा. आता ती काय करणार?"

मी त्यालाही ओल्या चमच्याचं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "तिचा चमचा, तुमचा नारळ."

मला इतका राग आला की मी त्याला चालता हो म्हटलं. तुझ्यामुळं माझं एक वर्ष गेलं, तेही काढलं. आमच्या गल्लीत राहून परगावच्या बाईची बाजू घेतोस म्हटलं. त्यानं बरणी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. चहाही उभ्यानं घेतला नाही त्या दिवशी.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. बरणी मी आत आणून फळीवर ठेवली होती, टाकली नव्हती. येता-जाता दिसायची. त्याच खेपेची चटणी मी घरातही ठेवली होती, डब्यात, वरच्या फळीवर. तो डबा मी उघडत नव्हते. उघडायला काय झालं होतं, पण उघडत नव्हते. सकाळी ठरवायची, दुपारी दुसरं काम काढायची. खरं तर मला आठवत होतं. त्या खेपेच्या मिरच्या वाळत घातल्या आणि वळीव येऊन गेला. गोळा केल्या, परत घातल्या, पण एक ऊन कमी पडलं. गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून तशाच कुटल्या.

शेवटी एका दुपारी डबा काढला. वर पांढरं होतं. माझ्या घरात ओला चमचा कुणी घालत नाही.

मी छापखान्यात जाऊन पावतीपुस्तक आणलं. चांगल्या खेपेची एक किलो चटणी नव्या बरणीत भरली आणि बाबालालच्या दारात गेले. राबिया जाऊन तोवर वर्ष झालं होतं, खोलीत तो एकटाच, मशिनीचं चाक फिरवत बसला होता. मी बरणी समोर ठेवली. म्हटलं, गुडघ्यांनी मला एवढा प्रवास होत नाही. त्या बाईचं घर तुला ठाऊक आहे.

त्यानं चाक थांबवलं. "लेकीकडं जायचंच हाय मला, दोन दिवस ऱ्हातो," म्हणाला आणि उठलाच. सायकल एसटी स्टँडवर ठेवून पुढं एसटीनं जाणार होता. बरणी जुन्या टॉवेलात गुंडाळून हँडलच्या पिशवीत ठेवली, पायजम्याला चिमटा लावला आणि निघाला.

मी घरी येऊन दार लोटते तोवर घंटी वाजली. सायकल परत. मला वाटलं बरणी फुटली. तो उतरला नाही. एक पाय पायरीवर टेकला आणि हात पुढे केला.

"पावती?"

म्हटलं, अरे, बदलून देतेय, विकत नाही देत.

"म्हणूनच की. ही बी खराब निघाली तर तिनं काय दाखवायचं तुमाला?"

मी पुस्तक आणलं. कोरं होतं, पहिलंच पान. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायला वेळ लागतो. कार्बन घातला, बाईचं नाव लिहिलं. तो तोवर घंटी वाजवत होता, ब्रेक दाबून बघत होता, पिशवीतला टॉवेल सारखा करत होता. मी लिहिलं, चटणी एक किलो, आधीची खराब होती म्हणून बदलून दिली. 'खराब' लिहिताना थांबले होते, ते त्यानं बघितलं, पण घंटी वाजवत राहिला. सही केली, पान फाडून दिलं. त्यानं ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"तारीख."

तारीख घातली. खालच्या पानावर उमटायला हवी म्हणून पान परत पुस्तकात ठेवून, कार्बन घालून घातली. त्यानं पावतीच्या चार घड्या केल्या, खिशात स्क्रूड्रायव्हरच्या मागे सरकवली आणि सायकल वळवली. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे. तिथं तो सीटवरून उठून उभा राहिला, एका हातानं पिशवी वर धरली, बरणीला धक्का लागू नये म्हणून. मग मोठ्या रस्त्याला लागला.

त्याला मी शेवटचं बघितलं ते कोणत्या तारखेला, हे मला सांगता येतं. पुस्तक डब्यात आहे.